टिनिकलिंग शिकायचंय? आधी बांबू हातात घ्या

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. बडोद्यात अलकापुरीतल्या एका डान्स स्टुडिओत शनिवार-रविवारी फिलिपिनो लोकनृत्यांची कार्यशाळा भरते. फी माणशी १,८०० रुपये. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. टिनिकलिंगसाठी, म्हणजे बांबूंमधून उड्या मारायच्या नाचासाठी जा, दिव्यांच्या नाचासाठी जा, शिकवणाऱ्या मॅमसाठी तर जाच जा. वर ९०० रुपये घेऊन जे 'हेरिटेज किट' गळ्यात मारतात ते घेऊ नका. आणि सिंकिल हा राजकन्येचा नाच शिकून आलो असं कुणाला सांगू नका, कारण ते तिथे कुणालाच आलेलं नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेली, दांडिया बाजारात राहणारी बाई. म्युझिक कॉलेजात तबल्याचा डिप्लोमा केलाय, तोही नोकरी सांभाळून. त्यामुळे नाच बघताना माझं लक्ष आधी ठेक्याकडे जातं, पायांकडे नंतर. नाव सूनबाईंनी नोंदवलं होतं, दोघींचंही. "आई, तुम्ही नुसत्या बसून बघा," म्हणाली. अठराशे रुपये भरून नुसतं बसायला मी काय सत्यनारायणाला आलेय?

मॅम मूळच्या फिलिपिन्सच्या, लग्न करून बडोद्यात आलेल्या. गुजराती फर्मास बोलतात, हिंदी ओढूनताणून, मराठी 'बस काकू, बस' इतपत. बॅचमधल्या पोरी मला आंटी म्हणत, मॅम 'तीता' म्हणत, त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. आवाज बारीक, पण तीनपर्यंत मोजायला लागल्या की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचा. स्टुडिओ त्यांचा नाही, हे लक्षात ठेवा. पुढे ज्या तक्रारी आहेत त्यातल्या जवळजवळ सगळ्या स्टुडिओच्या खात्यात जातात.

हॉलमध्ये जमिनीवर बांबूंच्या चार जोड्या मांडलेल्या असतात. नऊ-नऊ फूट लांब, मनगटाएवढे जाड, पेरं घासून गुळगुळीत केलेली, टोकांना सुतळी घट्ट गुंडाळलेली. प्रत्येक जोडीच्या दोन टोकांखाली दोन आडव्या लाकडी पट्ट्या. बघायला साध्या, पण त्यांच्यावाचून काही चालत नाही. बांबू थेट फरशीवर आपटला तर आवाज फुटका येतो आणि बोटं चेंगरतात. पट्टीवर आपटला की 'ठक्' असा कोरडा, भरीव ठोका मिळतो आणि बांबूखाली बोटांपुरती जागा राहते. या सामानाला मी पैकीच्या पैकी गुण देते. कुणीतरी मन लावून बनवून घेतलंय.

टिनिकलिंग हा लेयटे बेटावरचा नाच. भाताच्या खाचरांत हिंडणारे तिकलिंग नावाचे लांब पायांचे पक्षी शेतकऱ्यांनी लावलेल्या बांबूच्या सापळ्यांतून पाय उचलत, उड्या मारत कसे निसटतात, त्याची ही नक्कल. स्टुडिओने वाटलेल्या झेरॉक्सवर मात्र वेगळीच गोष्ट छापलीय. म्हणे स्पॅनिश जमीनदार काम न करणाऱ्या मजुरांच्या पायांवर बांबूने मारत, त्यातून हा नाच जन्मला. इंटरनेटवर ही गोष्ट भरपूर फिरते, ऐकायला थरारकही आहे. मॅमनी ती वाचून नाक मुरडलं आणि कंबरेवर हात ठेवून, मान पुढे-मागे करत पक्षी चालून दाखवला. ते बघितल्यावर शिक्षेबिक्षेचं कुणी बोललं नाही.

आता ठेका. इथे मी जरा रेंगाळणार आहे, घाई असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदांवर उडी मारावी.

मूळ ठेका तीन मात्रांचा. पहिल्या मात्रेला दोन्ही बांबू एकमेकांवर आपटतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला ते फाकतात आणि खालच्या पट्टीवर दोनदा वाजतात. नाचणाऱ्याने दोन-तीनला आत पाय टाकायचे, एकला बाहेर. डावा बाहेर, उजवा आत, डावा आत, मग उजवा पलीकडच्या बाजूला बाहेर. मात्रा तीन आणि पाय दोन, म्हणून दर आवर्तनाला बाहेर पडणारा पाय बदलतो. कागदावर सोपं वाटतं. आता यातली गोम बघा. आपल्याकडे सगळा जीव समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येण्यात. कथकवाला तिहाई घेतो, समेवर पाय आपटतो, लोक 'वाहवा' म्हणतात. तबल्यावर मीही जन्मभर तेच केलं, कुठूनही फिरून या पण समेला घरी या. आणि इथे समेला आत सापडलात तर घोटा गेलाच. सम गाठायची नाही, चुकवायची. बांबूचा सगळ्यात मोठा आवाज होतो त्या क्षणी तुम्ही तिथे नसायला हवं. हे डोक्याला कळायला मिनिट लागत नाही, पण पायांना पटायला दुपार जाते.

बडोद्याच्या पोरींची यात मोठी गंमत झाली. गरब्याचा ताल हींच, सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. त्यामुळे मॅम 'एक-दोन-तीन' करायला लागल्या तशी चाल बहुतेकींच्या पायात लगेच बसली. लय वाढवायचीही भीती नाही, कारण नवरात्रात रात्र चढते तशी लय चढते हे अंगात मुरलेलं. पण टाळीची सवय आडवी आली. टाळीच्या मात्रेला वर्तुळाच्या आत झुकायचं, हे लहानपणापासूनचं. इथेही पहिल्या मात्रेला अंग आपोआप आत जायचं आणि बांबू नेमके तेव्हाच मिटायचे. मॅमनी त्यावर काढलेला उपाय मला फार आवडला. बांबू बाजूला ठेवले, खडूने दोन रेघा ओढल्या आणि सगळ्यांना पहिल्या मात्रेला टाळी वाजवून मागे झुकायला लावलं. दहा मिनिटं नुसतं तेवढंच. त्यानंतर परत बांबू आणले तेव्हा निम्म्या घोट्यांना वाट मिळाली होती.

एक मुलगी म्हणाली की हा तर मिझोरामचा नाच. म्हणणं अगदी चुकीचं नाही. चेरावमध्येही बांबू जमिनीवर उघडतात-मिटतात आणि बायका त्यांच्यामधून पावलं टाकतात. पण चेरावमध्ये बांबूंची आडवी-उभी जाळी असते, एकाच वेळी पुष्कळ जणी नाचतात. टिनिकलिंगचं नेहमीचं रूप म्हणजे एक जोडी बांबू, दोघं वाजवणारे आणि मध्ये एक जोडपं. दोन्हीकडे बांबू मुबलक, दोन्हीकडे लोकांना उड्या मारायची हौस. कुणी कुणाचं उचललं यावर वाद घालण्यात मॅमना रस नव्हता, मलाही नाही.

आता माझी मुख्य तक्रार, आणि याच कारणासाठी लिहायला बसले. स्टुडिओवाल्यांच्या लेखी हा नाच म्हणजे मध्ये उड्या मारणारे दोघे. बांबू वाजवणं हे वेठबिगारीचं काम असल्यासारखं ते आळीपाळीने वाटून देतात. पोरंही तशीच वागतात. पाळी आली की "माझा रील राहिलाय" म्हणून उठायचं. सलग पाच मिनिटं एकच माणूस बसलाय असं क्वचितच दिसतं. परिणाम असा की ठेका सारखा डगमगतो, मध्ये नाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. जमत नसतं ते बाहेर बसलेल्याला.

हा नाच बांबूवाल्यांचा आहे. लय तेच धरतात, वाढवतातही तेच, आणि समोरचा घाबरला तर त्याला एक आवर्तन सांभाळून घेतात तेही तेच. फीचा खरा मोबदला जमिनीवर बसून मिळतो. मी बसले ते उठलेच नाही, गुडघ्यांनी नंतर वसूल केलं ते सोडा. मॅमनी पकड दाखवली. हाताचे तळवे वरून, बोटं बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला एकही बोट जाता कामा नये, कारण मिटताना दोन बांबूंच्या मध्ये सापडणारं पहिलं बोट तुमचंच. मनगट सैल, कोपर अंगाजवळ. बांबू उचलून आपटायचा नाही. वीतभर वर घेऊन सोडायचा, वजन त्याचं तो टाकतो. मिटवताना मात्र घासत आणायचा, पट्टीवरून न उचलता. म्हणजे तीन मात्रांना दोन वेगळे आवाज मिळतात, एक बांबूवर बांबू, दोन लाकडावर बांबू. तबल्यावर उजव्या-डाव्याचा तोल राखावा तसाच हा तोल राखावा लागतो, आणि तो समोर नऊ फुटांवर बसलेल्या माणसाशी जुळवावा लागतो. नजर कुठे ठेवायची, हे मी विचारलं. पायांकडे बघू नका, समोरच्याच्या खांद्याकडे बघा, म्हणाल्या. खरंच, खांदा हलतो तो हाताच्या पाव मात्रा आधी.

माझ्या समोर पाणीगेटचा एक कॉलेजातला मुलगा बसला होता, जुम्मादादा व्यायाममंदिरात लेझीम खेळलेला. त्याला काही सांगावंच लागलं नाही. लेझीमवाल्याला आपला आवाज आणि गटाचा आवाज एकाच वेळी ऐकायची सवय असते. आमची जोडी जमली तशी मध्ये नाचणारे बदलत गेले, आम्ही दोघं तिथेच. सूनबाई आत आल्या तेव्हा मी लय मुद्दाम जराशी चढवली. सासू म्हणून एवढा हक्क आहे मला.

मध्येच स्टुडिओच्या पोराने स्पीकरवर एक रीमिक्स लावलं. चार मात्रांचं, ढोलबीट घातलेलं. रीलला तेच चालतं म्हणे. अमेरिकेतल्या शाळांत पीटीच्या तासाला टिनिकलिंग चार मात्रांवर शिकवतात, कधीकधी बांबूऐवजी इलॅस्टिकच्या पट्ट्या घेऊनही, तेव्हा चार मात्रांत पाप आहे असं नाही. पण तासभर तीनावर घासलेले पाय एका गाण्यासाठी चारावर न्यायचे म्हणजे विणलेलं उसवणं. सगळी बॅच विस्कटली. मॅम काही बोलल्या नाहीत. गेल्या, स्पीकर बंद केला आणि स्वतः बांबू धरून बसल्या. नंतर रोंडाल्याचं रेकॉर्डिंग लावलं. रोंडाल्या म्हणजे तंतुवाद्यांचा ताफा. त्यात बांदुरिया नावाचं चौदा तारांचं वाद्य असतं, मॅन्डोलिनसारखं थरथरत वाजतं. जोडीला लाऊद, ऑक्टाविना, गिटार आणि खर्जासाठी भलंमोठं बाहो. स्पॅनिश लोक १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे होते, त्यांचा हा ठसा. त्या रेकॉर्डिंगवर ठेका असा चपखल बसला की कुणाला मोजावं लागलं नाही. स्टुडिओने पहिल्यापासून हेच लावलं असतं तर अर्धा गुण वाढवला असता.

चहाच्या सुट्टीत (चहा पाणचट, वेफर्सची पाकिटं, विशेष काही नाही) मॅम भिंतीला टेकून बसल्या आणि ज्या बाईमुळे हे सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं तिच्याबद्दल बोलल्या. फ्रान्सिस्का रेयेस आकिनो. जन्म १८९९. विसाव्या शतकाच्या विशीत ही बाई गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांकडून नाच आणि खेळ गोळा करत होती. पावलं मोजायची, रचनेच्या आकृत्या काढायची, गाणी लिहून घ्यायची. १९२६ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्समध्ये याच विषयावर एम.ए.चा प्रबंध दिला. १९३४ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी या कामासाठी समिती नेमली. त्यानंतर फ्रान्सिस्काबाई, संगीत टिपायला आंतोनिनो बुएनाव्हेंतुरा आणि सोबत रामोन तोलेंतिनो असे तिघं देशभर हिंडले. पुढे त्यांच्या लोकनृत्यांच्या वर्णनाचे सहा खंड निघाले. तिथल्या शाळांत जी लोकनृत्यं शिकवली जातात ती बरीचशी या बाईंच्या वहीतून आलेली. १९६२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९७३ मध्ये त्या नृत्यातल्या पहिल्या राष्ट्रीय कलाकार ठरल्या. मॅगसेसे म्हटल्यावर आपल्याला विनोबा आठवतात, बडोद्यातच वाढलेले आणि १९५८ मध्ये पहिल्याच वर्षी तो पुरस्कार मिळवणारे. मला मात्र भातखंडे आठवले. घराण्या-घराण्यांत दडलेल्या चिजा गोळा करत फिरणारे, आणि १९१६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने याच बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवणारे. उस्तादाने चीज द्यायला किती आढेवेढे घेतले असतील आणि तिकडे एखादी आजी पाऊल दाखवायला किती लाजली असेल, हा विचार चहा संपेपर्यंत डोक्यातून गेला नाही. झेरॉक्सवर फ्रान्सिस्काबाईंचं नावही नाही. ही चूक मी माफ करणार नाही.

दुसऱ्या भागात पांदांगो सा इलाव, म्हणजे दिव्यांचा नाच. मिंडोरोजवळच्या लुबांग बेटावरचा. तीन दिवे, एक डोक्यावर, दोन हातांच्या पालथ्या पंजांवर. चाल स्पॅनिश फांदांगोची, तीन मात्रांचीच, पण टिनिकलिंगच्या अगदी उलट स्वभावाची. तिथे पाय चपळ आणि डोकं मोकळं, इथे पाय हळू आणि मान ताठ. इथे सगळ्यात पुढे होत्या वाडीतल्या दोन बायका, माझ्याच वयाच्या. डोक्यावर गरबो (आत दिवा ठेवलेलं छिद्रांचं मडकं) घेऊन फेर धरलेल्या, हातात आरतीचं ताट धरून गर्दीतून वाट काढलेल्या. तरण्याताठ्या पोरी मान वाकडी करून दिवा सावरत होत्या आणि या दोघी गप्पा मारत चालत होत्या.

स्टुडिओने दिवे दिलेत ते प्लॅस्टिकचे, बॅटरीवर चालणारे. हॉलमध्ये ज्योत पेटवायची नाही हा नियम मला मान्य आहे, पडदे आहेत, फॉल्स सीलिंग आहे. पण त्या दिव्यांना वजन नाही. पंजावर ठेवलेल्या वस्तूला वजन नसेल तर हात शिकणार काय? पडला तरी कळत नाही. मॅमनी शेवटी पँट्रीतून काचेचे पेले मागवले, अर्धे पाण्याने भरले आणि पांगासिनानमधल्या बायांबांगच्या बिनासुआन नाचातली हातांची फिरकी शिकवली. मुळात तिथे पेल्यात तांदळाची दारू असते. आपण गुजरातेत असल्यामुळे पाणी. पेला तळव्यावर ठेवायचा, हात काखेखालून आत वळवून बाहेर काढायचा आणि वर न्यायचा, तळवा सबंध वेळ आकाशाकडे. कोपर कुठे जातं याचा हिशेब चुकला की पाणी सरळ मानेवर. सूनबाईंचा ड्रेस दोनदा ओला झाला, शेवटच्या खेपेला नाही झाला. हा भाग कार्यशाळेतला सगळ्यात हसरा होता आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखच नाही.

सिंकिलबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे शिकवलंही थोडक्यातच. हा मिंडानाओमधल्या लानाओ सरोवराकाठच्या मारानाव लोकांचा नाच. त्यांचं दारांगेन नावाचं प्रचंड महाकाव्य आहे, युनेस्कोने २००५ मध्ये गौरवलेलं आणि २००८ पासून मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत असलेलं. नाचामागची कथा अशी सांगतात की राजकन्या गांदिंगान जंगलात भूकंपात सापडते, झाडं कोसळत असतात आणि ती त्यांच्यामधून न डगमगता चालत जाते. कोसळणारी झाडं म्हणजे आडवे-उभे मांडलेले बांबू. राजकन्येच्या दोन्ही हातांत पंखे, मागे छत्री धरलेली दासी, आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. टिनिकलिंगमध्ये हसू आलं तर चालतं, इथे नाही. संगत असते कुलिंतांगची, ओळीने मांडलेल्या लहान-मोठ्या घंटांची.

स्टुडिओने यातलं काय दिलं? कागदी पंखे, कीबोर्डवर वाजवलेले घंटांचे आवाज आणि घाईघाईत उरकलेली वीसेक मिनिटं. बांबू आडवे-उभे मांडायला चार वाजवणारे तरी हवेत, तेही चोख. ज्यांनी दोन बांबू नीट धरले नाहीत ते चार काय धरणार? वर स्टुडिओच्या निवेदकाने "ये तो अपने राम-सीता का ही डान्स है" असं ठोकून दिलं. मारानाव लोकांत रावणाची म्हणजे महाराडिया लावानाची एक कथा आहे, ती रामायणाशी नातं सांगते, हे खरं. पण ती कथा वेगळी आणि सिंकिलमागची राजकन्या वेगळी. आपल्याला खूश करायला दोन्हींची खिचडी कशाला? बडोदेकरांना दुसऱ्याचं दुसऱ्याचं म्हणूनही आवडू शकतं की.

सिंकिलचं जे रूप आपण व्हिडिओत बघतो ते बरचसं रंगमंचाचं आहे. १९५७ मध्ये हेलेना बेनिटेझ यांनी फिलिपिन विमेन्स युनिव्हर्सिटीत बायानिहान हा नृत्यसंघ उभा केला, लुक्रेसिया रेयेस उर्तुला यांनी नाच बसवले आणि १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात त्यांनी जगाचं लक्ष वेधलं. झगमगाट, वेग, रांगा. पुढे रामोन ओबुसान यांनी १९७२ मध्ये आपला वेगळा गट काढला, भर दिला गावात नाच जसा होतो तसा ठेवण्यावर. मॅम ओबुसानांच्या बाजूच्या आहेत हे न सांगता कळतं. त्यांच्या हातात पूर्ण दुपार दिली असती तर सिंकिलही तसंच कळलं असतं.

आता ते किट. ९०० रुपयांत पॉलिस्टरचा बारोंग (बायकांना जाळीची ओढणी), एक घडीचा पंखा, एक प्रमाणपत्र. बारोंग म्हणजे तिथल्या पुरुषांचा पारदर्शक, भरतकाम केलेला सदरा. खरा उंची बारोंग पिन्याचा, म्हणजे अननसाच्या पानातून काढलेल्या धाग्याचा. पान खरवडून धागा सोडवायचा, एकेक धागा गाठ मारून जोडायचा आणि मग हातमागावर विणायचं. पनाय बेटावरच्या आक्लान प्रांतातलं कालिबो हे याचं माहेरघर. युनेस्कोने आक्लानचं पिन्या विणकाम वारशाच्या यादीत घेतलं ते डिसेंबर २०२३ मध्ये, बोत्स्वानातल्या कासाने इथल्या बैठकीत. त्याच बैठकीत आपला गरबाही यादीत गेला. एवढी आयती गोष्ट हाताशी असताना किट विकणाऱ्याला ती माहीत नव्हती, तो 'इम्पोर्टेड लुक' म्हणत होता.

मॅमनी घरून एक जुना पिन्याचा तुकडा आणला होता, मलमलीत गुंडाळून. आम्हाला हात धुवून, पुसून मग हातात दिला. रंग फिकट पिवळसर, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. दिसायला इतका नाजूक की आता विरेल, पण बोटाला ताठ लागतो, किंचित खरखरीत. उजेडात धरला तर मधूनमधून बारीक ठिपके दिसतात, त्या गाठी. एका वीतभर कापडात किती गाठी असतील ते मोजायला मी चष्मा पुसून बसले आणि नाद सोडला. ज्यांना वस्त्रांची आवड आहे, पैठणी उलटी करून बघितल्याशिवाय जे दुकानातून उठत नाहीत, त्यांनी या तुकड्यासाठी तरी मॅमना आधी सांगून ठेवावं. त्या आणतात.

शेवटी, अर्धी बॅच सर्टिफिकेटच्या रांगेत असताना, मॅमनी पांगालायच्या चार चाली करून दाखवल्या. सुलू बेटांवरचा, ताउसूग लोकांचा नाच. लिगाया फर्नांदो-आमिलबांग्सा या बाईंनी तो जपण्यात आयुष्य घातलं, २०१५ चा मॅगसेसे त्यांना मिळाला. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल जेमतेम सरकतं, आणि बोटं मागे वळवून मनगट पाण्यात फिरावं तसं फिरतं. बोटांवर धातूची लांब नखं चढवतात, ती नव्हती. तरी कळत होतं. राणी चिमणाबाईंबरोबर तंजावरहून ज्या नर्तकी बडोद्याच्या दरबारात आल्या, त्यांच्यामुळे या गावाला भरतनाट्यमचा हात कळतो. इथले लोक हस्तमुद्रा बघितल्याबरोबर अर्थ विचारतात. एका मुलीने विचारलंच, "मॅम, इसका मतलब?" मॅम म्हणाल्या, कुछ नहीं, देखो. आम्ही चार-पाच जणींनी बघितलं. बाकीचे लॅमिनेशन करून घेत होते.

सोयींचं सांगायचं तर, पार्किंग नाही, स्कूटर गल्लीत लावा. एसी चालतो पण बांबूंच्या आवाजामुळे खिडक्या बंद ठेवतात आणि तासाभरात हॉल कोंदतो. नाच अनवाणी, पैंजण-साखळ्या घरी काढून ठेवा. दहा वर्षांखालच्या मुलांना घेतात, घेऊ नये, लहान घोट्यांच्या मानाने बांबू जड आहेत. एका बॅचला चार जोड्यांवर तीसच्या वर माणसं भरतात, वीसच्या पुढे जाऊच नये. सूचना इंग्रजी-हिंदी-गुजरातीत, मराठीत कागदाचा कपटाही नाही, या गावात निम्मे शिकणारे मराठी असताना. ज्यांना यायला जमलं नाही त्यांचे पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या बॅचला ढकलतात. सुटल्यावर भूक लागते ती सेव उसळीचीच, तिचा बंदोबस्त गावात सगळीकडे आहे.

नाव नोंदवताना फोनवर दोन गोष्टी आधी विचारून घ्या. शिकवायला मॅम स्वतः असणार की त्यांचा 'असिस्टंट', आणि बांबू धरायला सलग अर्धा तास तरी मिळणार का. दुसऱ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस हसेल. हसू द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

आणि घरी सरावाला स्वतःची जोडी हवी असेल तर मांडववाल्याकडून जुने बांबू घेऊ नका, वाळून चिरलेले असतात आणि चीर तळव्यात घुसते. बुरुडाकडून सरळ, भरीव, सारख्या जाडीची जोडी निवडून घ्या, विकत घेताना एकमेकांवर वाजवून बघा, दोघांचा आवाज एकच आला पाहिजे. आमची जोडी सध्या गच्चीत आहे. नऊ फुटी बांबू लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने न्यावा लागतो, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर एक टोक खिडकीतून बाहेर काढल्याशिवाय तो फिरत नाही.